आईच्या बेटावरची गोगलगाय

नावं ठेवणं हे माझं काम नाही,
तपासणं आहे.
मिशिमात, दुसऱ्या मजल्यावर, खिडकीकडे पाठ करून
जगभरातून आलेली अक्षरं मी लावून घेते:
ए, टी, जी, सी,
आणि जिथं यंत्रालाही लागलं नाही तिथं एन.
कुणी खाडीतला चिखल वाचून पाठवतं, कुणी भाताचं रोप,
कुणी वटवाघळाची थुंकी.
प्रत्येकाला एक क्रमांक.
दिलेला क्रमांक आम्ही परत घेत नाही,
मेलेल्याचा जिवंताला देत नाही.
रात्री कोठारं आपापसात बोलतात,
इथलं इंग्लंडला जातं, तिथलं अमेरिकेला,
उजाडेपर्यंत तिन्हीकडे सारखाच साठा.

मंगळवारी तार्तूहून ऊर्मस नावाच्या विद्यार्थ्याचं पत्र आलं.
तुमच्या अमुक नोंदीतली गोगलगाय
गोगलगाय नाही.
मी जुळवून पाहिली.
माणूस निघतो,
एक अक्षर सोडून.

नोंद उघडली. सहाशे अठ्ठावन्न अक्षरं.
ठिकाण: हाहाजिमा, म्हणजे आईचं बेट,
ओल्या पानाच्या खालच्या बाजूला.
गोळा करणारा: शिगेयोशी हातानाका.
त्यानंतर ती जात
कुणाला दिसलेली नाही.

हातानाकांना मी एकदाच भेटले होते.
हातमोजे घालायचे नाहीत.
म्हणायचे, मोज्यातून गोगलगाय कळत नाही.
तेव्हा अंगठ्याची साल, कोंड्याएवढी,
नळीत पडली असणार,
आणि यंत्रानं जे पुढ्यात आलं ते वाचलं.
यंत्राला काय, गाय काय नि माणूस काय.

नियम असा की नोंद बदलायची तर
ज्यानं दिली त्यानंच.
पत्र पाठवलं, ते परत आलं.
चार हिवाळे झाले त्यांना जाऊन.

मग नुमाझूला फोन केला.
फुसाएबाई बसनं आल्या, पिशवीत सुकवलेले बांगडे,
रिकाम्या हातानं कसं यायचं म्हणून.
मी कागद छापून दिला.
पहिलीतल्या पोरीसारखं बोट ठेवून
त्या ओळीमागून ओळ सरकत गेल्या,
मधेच थांबल्या: हे मोठ्यानं कसं वाचतात?
मोठ्यानं कुणी वाचत नाही, मी म्हटलं.

सांगावं की नको करत सांगितलं,
हा भाग फक्त आईकडून येतो.
बापाचा पुढं जात नाही.
तुमच्या दोन्ही मुलांत हे नाही,
त्यांच्यात तुमचं आहे.
बाई जरा वेळ गप्प.
मग खुदकन हसल्या:
म्हणजे सासूबाई! इथंसुद्धा!
होडीत पाय ठेवला की ओकायच्या हो त्या,
नि आता तीन तीन देशांत.

ते वेगळं अक्षर मी पेन्सिलनं दाखवलं.
चारशे बारावं. सगळ्यांकडे टी, इथं सी.
त्यांनी त्यावर नख टेकवून ठेवलं.
फोटो काढायचा म्हटलं, म्हणाल्या,
की हे मागच्या रांगेत, कुणाच्या तरी खांद्याआड.
लपायलाही जागा काय शोधली.
आणि ती बिचारी?
कोण?
गोगलगाय. तिचं काहीच नाही उरलं?

मी नळीचा विचार केला, कधीच धुतलेल्या.
तिच्या नावाखाली सहाशे अठ्ठावन्न अक्षरं,
त्यातलं एकही तिचं नाही.
पानाची खालची बाजू तेवढी खरी.

पुसणार का, असं त्यांनी विचारलं नाही.
बस चुकेल म्हणून उठल्या,
कागद चौघडी करून किमोनोत नाही, साध्या पर्समध्ये,
औषधांच्या पावत्यांशेजारी.

संध्याकाळी शेरा घातला: स्रोत खात्रीचा नाही.
क्रमांक तोच.
ऊर्मसला लिहिलं, तुझं बरोबर आहे,
ती गोगलगाय नाही, कळवल्याबद्दल आभार.
चारशे बाराव्याबद्दल काही लिहिलं नाही.
कीबोर्डला बांगड्याचा वास येत होता.