भाग क्रमांक २१४

उत्तरेला नाला, दक्षिणेला पाइपलाइन,
पूर्वेला तळवलीची गल्ली,
पश्चिमेला, यादीत लिहिलंय, "मोकळी जागा".
मोकळ्या जागेत आता सतरा मजले.
तिथल्या वॉचमनने मला तीनदा परत पाठवलं.

हिराबाय मढवींचं घर नेमकं सीमेवर:
चूल माझ्या भागात, ओटा पलीकडच्या.
सासूचं मत शाळेच्या खोली दोनमध्ये,
सुनेचं समाजमंदिरात.
"एकाच टोपानशी जेवताव गो आमी,"
म्हातारी चिठ्ठी उलटी धरून म्हणाली.

उरलेल्या चिठ्ठ्यांवर मी शेरे मारले.
मयत.
स्थलांतरित.
आढळ नाही.
'आढळ नाही'तला एक जण समोरच उभा होता,
फक्त त्याची खोली पाडली होती.

निकालानंतर कुणीतरी ऑफिसात नकाशा रंगवला.
घणसोलीतला माझा तुकडा अख्खा एका रंगाचा,
अकरा मतांनी.
रंग नाल्यापाशी थांबला होता.
वास दोन्हीकडे येतो.

मी राहते पनवेलला, मतदारसंघ दुसरा.
ड्यूटी इथे, म्हणून माझं मत टपालाने:
पाकिटात पाकीट, वर सही, डिंक जिभेवर.
ते वेगळ्या टेबलावर मोजतात,
कुठल्याच गल्लीच्या नावावर
न टाकता.