गच्चीवरची मोजणी

आप्पांच्या सूत-वजनाच्या वहीत
उरलेली कोरी पानं मी आकाशाला दिली.
तारीख, वारा, आणि मृग नक्षत्रात
नुसत्या डोळ्यांनी किती तारे दिसले तो आकडा.
एवढंच. वाणसामानाच्या यादीसारखं.

पहिली नोंद गड्ड्याची जत्रा उठल्यावरची:
"एकवीस. कृत्तिका सहा. भारनियमन,
पूर्व भाग सगळा काळा."
तेव्हा माग थांबले की कानात शांतता वाजायची,
लोक गच्चीवर येऊन विजेला शिव्या घालायचे,
मराठीत सुरू करून तेलुगूत संपवायचे.
आप्पा नाही. ते मान वर करून म्हणायचे, "चुक्कलु."
चुक्का म्हणजे तारा, चुक्का म्हणजे थेंब,
चुक्का म्हणजे दारातल्या मुग्गूचा ठिपका.
आमच्या घरात तिन्हींना एकच शब्द पुरायचा.

पुढे नोंदी बारीक होत जातात.
सोळा. अकरा. नऊ, चष्मा नवा.
कृत्तिका: डाग.
कृत्तिका: डाग?
कृत्तिका:

विडी घरकुलाच्या चौकात हायमास्ट लागला त्या रात्री
नारळ फुटला, नगरसेवकाने कळ दाबली,
आणि वर ताक सांडल्यासारखं झालं.
त्या रात्रीची नोंद: "चार. त्यातलं एक बहुधा विमान."

मी महापालिकेला अर्ज लिहिला.
दिवा काढू नका. त्याला फक्त टोपी घाला,
उजेड खाली पडू दे, वर सांडायला नको.
सह्यांसाठी दारोदार गेले.
नरसूबाई चिलवेरी उंबऱ्यात, मांडीवर सूप,
चौकातल्या फुकट उजेडात तिची बोटं
हजार विड्यांचा हिशेब पुरा करत होती.
अर्ज तिने माझ्याकडूनच वाचून घेतला.
मग दोरा तोडत म्हणाली,
"असतील की गं तुझे तारे, नाही कोण म्हणतंय?
पण माझी भाग्या एमआयडीसीतून साडेदहाला सुटते.
पहिलं ती रिक्षातून उतरली की मी इथून खोकायची,
मी हाय म्हणून कळावं तिला.
आता खोकावं लागत नाही."

सही केली नाही. चहा मात्र दिला.

अर्ज अजून वहीतच आहे, अकरा सह्यांचा.
त्याच्या मागे जकार्डचा एक पुठ्ठा.
आप्पा जन्मभर चादरींसाठी भोकं पाडत बसले.
एका पुठ्ठ्याला एकच ओळ,
पुठ्ठ्यांची माळ लागली की मोर.
भोक तिथे धागा उठतो, नाही तिथे बसतो,
याहून जास्त त्यांनी मला काही शिकवलं नाही.
हा पुठ्ठा कुठल्याच माळेत गेलेला नाही.
तीन भोकं जवळजवळ, तिरकी.
वर दोन, खाली दोन.
आणि डावीकडे खाली, हात हलला असावा,
एक जरा फाटलेलं, मोठं: व्याध.

काल मी तो हायमास्टसमोर धरून उभी होते
तर भाग्या आली, खांद्याला डबा,
केसांत शाळेच्या गणवेशांची निळी लव.
"अक्का, काय बघताय?"
पुठ्ठा तिच्या हातात दिला. तिने एक डोळा मिटला.
"भोकं," म्हणाली. मग थोड्या वेळाने,
"कुठं आहे हे? वर?"

दिव्याकडे पाठ करून, हातांची झापडं लावून
आम्ही दोघी पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसलो.
दक्षिणेला वीजकेंद्राच्या चिमणीचा लाल दिवा
लुकलुकत होता, त्यालाच तिने आधी तारा म्हटलं.
मी नाही म्हटलं, मग त्याच्या बरंच वर
अगस्ती दाखवला, तोही बिचारा एकटाच.
मान दुखेपर्यंत बसलो.
खाली उंबऱ्यात नरसूबाई खोकली.
भाग्या उठली नाही.

नोंद: "पाच. सहावा भाग्याने बोटाने दाखवला.
मला दिसला नाही.
धरला."