आकडा

आमच्या पूर्व भागात आकडा म्हटलं की
आधी तार आठवते, खांबावरून चोरून ओढलेली,
मग भूमय्याकाका, जे रोज संध्याकाळी
चिठ्ठीवर दोन अंक लिहून
पानटपरीत देऊन यायचे.
शाळेतला आकडा सगळ्यात शेवटी.
म्हणून अकादमीत नोकरी लागली तेव्हा
आईनं एवढंच विचारलं,
"आकडे लावायचे, का मोजायचे?"

मोजायचे, आई.
पोरं-पोरी ठोसे मारतात, मी मोजते.
अक्कलकोट रोडच्या बंद गोदामात रिंग,
छताला तीन कॅमेरे, वर तापलेला पत्रा.
रात्री मी चित्रण थांबवत थांबवत बघते:
जॅब, क्रॉस, हूक.
लागला, हुकला, हातावर घेतला.
हूक हुकला, असं लिहिताना दर वेळी हसू येतं,
आणि हसण्याचा रकाना नाही.

बाबा भिंग लावून
चादरीचे धागे मोजायचे, इंचात किती.
एक कमी भरला की गठ्ठा परत.
मी बहुधा तेच करते.
चौदा ते सोळा वयोगट, एकशे सहा नावं,
त्यातली बारा पुण्याला पाठवायची.

सुप्रजा मडूर, सेहेचाळीस किलो,
क्रमांक एकेचाळीस.
फेरीत ठोसे सरासरी एकोणीस. कमी.
हातांची पोहोच, कमी.
घंटेनंतरची पहिली हालचाल
अर्धा सेकंद उशिरा,
सातही लढतींत, न चुकता.
संगणकानं नावापुढे लिहिलं: मंद.

त्या 'न चुकता'पाशी मी अडले.
मंद माणूससुद्धा एखाद्या वेळी
चुकून वेळेवर येतो.

मग घंटा सोडून दिली.
समोरचीचा खांदा हलल्यापासून
सुप्रजाचं डोकं बाजूला होईपर्यंत किती,
तेवढंच मोजत बसले, दोन रात्री.
एकशे सहा जणांत सगळ्यात कमी वेळ तिचा.
पुन्हा मोजलं. तेच.

रविवारी तिच्या घरी गेले.
चार दिवसांनी नळ आलेला,
गल्लीत कुणाला मान वर करायला सवड नाही.
खाली चार माग, वर एक खोली,
जिन्याची पायरी हातात नाडी धरावी तशी उडत होती.
तिची आई ओरडून बोलत होती, मीही ओरडून.
कॉलेजात असताना, पुण्याच्या वसतिगृहात,
मी फोनवर बोलले की मुली विचारायच्या,
घरी भांडण झालंय का गं?

सुप्रजा नळाशी, पाठमोरी.
हाक मारली. परत मारली.
तिच्या धाकट्या भावानं मागाकडे न बघता
टाच जमिनीवर आपटली
आणि ती वळली.

मी काही विचारायच्या आत म्हणाली,
"घंटा पायात येती की ताई.
तुमच्या रिंगची फळी ढिल्ली हाय,
तिथं उशिरा येती."

बिराजदार सर म्हणतात, यादी बुधवारी जाणार,
एकेचाळीस नंबरवर किती दिवस बसणार आहेस?
मी घंटेचा रकाना काढून खांद्याचा घातला,
सुप्रजा नववी आली.
शेजारचा, वैद्यकीय शेऱ्याचा, तसाच आहे.
भरला तर तिचं नाव खाली जाईल,
नाही भरला तर उद्या एखादा डॉक्टर
तिच्या पाठीमागे चुटकी वाजवेल.
काकांना बरं होतं,
त्यांचा अंक लागायचा किंवा लागायचा नाही.

आज दुपारी गोदामात कुणी नव्हतं.
वॉचमन मल्लिनाथला घंटेपाशी उभं केलं,
चप्पल काढून निळ्या कोपऱ्यात उभी राहिले,
कानांत कापसाचे बोळे, डोळे मिटून.
हात वर केला.
त्यानं वाजवली असणार.
मी तळव्यांनी वाट बघत राहिले.

डोळे उघडले तर तो
हातोडी खाली घेऊन माझ्याकडे बघतोय.
म्हटलं, परत वाजव.