तीनशे दहा ग्रॅम

अंबाझरीच्या सांडव्याशी सापडला म्हणून
एक पोरगा डब्याच्या पिशवीतून घेऊन आला.
पिशवी परत मागितली त्याने. आई मारेल, म्हणाला.

बोरकुटे मॅडमनी चष्मा वर सरकवला :
कुरव. तपकिरी डोक्याचा.
डोकं तर पांढरंच होतं.
हिवाळ्यात तो रंग उतरवून ठेवतो म्हणे,
कानामागे एक काळसर ठिपका तेवढा उरतो,
दृष्ट लागू नये म्हणून लावावा तसा.

वजन?
तीनशे दहा.
काटा शून्यावर आणा, पुन्हा ठेवा.
तीनशे दहा.
पाचशेच्या वर हवा होता.

बावीस वर्षं मी या टेबलाशी उभा आहे.
म्हशी उघडल्या, गल्लीबोळातल्या गाई उघडल्या,
एकीच्या पोटातून चादरीएवढा गोळा निघाला,
त्यात लहान मुलाची चप्पल.
त्याचं काही वाटेनासं झालं होतं.
गाय गावातली, तिनं गावातलंच खाल्लं.
हा मात्र समुद्राचा.

समुद्र मी पाहिलेला नाही.
लहानपणी गोरेवाड्याच्या तलावाला
दुसरा काठ नाही असं धरून चालायचो.
तेवढाच माझा.

कात्री, मॅडम म्हणाल्या.
छातीचं हाड उलट्या नावेसारखं वर आलेलं,
दोन्ही अंगांना मांस नावालाही नाही.
आमाशय तेवढं टच्च.
पोटभर उपाशी.

चिमट्यानं एकेक काढत गेलो,
धुतलं, ट्रेमध्ये पसरलं.
पन्न्या. बोटभर, चुरगळलेल्या. अकरा.
एकीला सुपारीची कपची अजून चिकटून,
आणि दोघींना हिरवं रबर :
दोन वेढे, वरून एक पीळ.

हा पीळ मला ठाऊक आहे.
रामनगरात सेवक पराते असा पीळ देतो.

कशाची असेल हो? मॅडमनी विचारलं.
बावीस वर्षांत पहिल्यांदा म्हणालो,
सांगता येत नाही.
गालात खर्रा होता. तो तसाच धरून ठेवला.

रजिस्टर भरताना हात थांबत होता.
पाण्यावर टाकलेली पन्नी वाऱ्यानं जराशी हलते,
वरून बघणाऱ्याला वाटत असेल मासोळी कूस बदलते आहे.
आणि त्यानं न खाल्लेल्या?
त्या नाग नदीनं नेल्या,
मोक्षधामाच्या मागून, पारडीवरून,
कन्हानेत, वैनगंगेत, प्राणहितेत,
मग गोदावरीच्या मुखाशी.
मी जिथं गेलो नाही
तिथं माझी थुंकी लागलेलं काहीतरी
कधीचंच पोचलेलं असणार.

संध्याकाळी सेवकच्या ठेल्यावर गेलो.
'का भाऊ, नेहमीचाच?'
पन्नीवर सुपारी, तंबाखू, चुना,
तळहात चालू लागला, घस्स घस्स.
कागदात दे ना, म्हटलं.
तो हसला. 'कागदात घोटल्या जाते का भाऊ? फाटते ना.'
दोन वेढे, एक पीळ.
घेतला. खोटं कशाला सांगू.

रिकामी पन्नी तेवढी फेकली नाही.
खिशात टाकली.
दुसऱ्या दिवशीची पण.

रविवारी पुष्पकलानं धुण्याआधी शर्टाचा खिसा उलटा केला.
मोरीच्या ओल्या फरशीवर
एकेक सोडवून मांडत गेली,
ओठ हलवत, मोजत.
'चौदा. हे काय जमवून राहिले तुम्ही?'

मी तिच्या बोटांकडे बघत होतो.
वजन? मी विचारलं.