नाळेतलं रक्त

शीव. पहाटेचे पावणेचार. सहा नंबरची खाट.
प्रणिता पागधरेच्या पोटावर दोन पट्टे,
कागद सरकतोय.
कळ ओसरते, तेव्हा कुठे रेघ खाली उतरते
आणि वर यायला विसरते.

"काय म्हणतंय?" ती विचारते.
"बोलतंय," मी म्हणते. ही भाषा मला अर्धीच येते:
मंगळवारी अशाच रेघेवर पोट उघडलं,
तर पोर ठणठणीत, बोंबलत बाहेर.

आज चिमटा लावला.
निळसर. गप्प. मग रडलं.
नाळेतलं रक्त बर्फात घालून
मामा जिना चढले.
सात पॉइंट शून्य सहा.
आंबलेलं.

दाराबाहेर सासू कुणाला तरी सांगतेय,
"नऊ महिने हिला आंबटाचेच डोहाळे."
मी पट्टीची घडी करते,
एनआयसीयूचा फॉर्म शोधते.
पेन उठत नाही.