चौपट

पाळकांनी दिलेल्या पंचवीस पत्रिका
ईस्टरच्या आधीपासून माझ्या खिशात आहेत.
घामानं मऊ पडल्यात, कडांना कांद्याचा वास लागलाय.
एक कमी झालीय. तिच्या पाठीवर
घाईत मी सदतीस गोणींची बेरीज केली होती.

कोपरखैरण्यात, पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत
आमची मंडळी भरते.
दर रविवारी पाळक विचारतात,
या आठवड्यात कोणाला सांगितलंत?
सॉलोमन चक्रनारायण उठतो: रिक्षात, तिघांना.
एस्तेरबाई: डायलिसिसच्या बाकावर, एकीला.
मी चपलांकडे बघतो.
खाली गिरणीचा पट्टा फिरत असतो,
फरशी थरथरते,
माझ्या पवित्र शास्त्रावर पिठाची साय धरते.

तसं सांगायला माणसं कमी नाहीत.
तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात
पहाटे चारपासून माणसंच माणसं.
पण मी मापाडी.
आणि माझ्या काट्यावर गोणी आणून टाकणारा
माथाडी हणमंत शेवाळे,
त्यानं मला एकदा बघितलंय.

तीन वर्षं झाली.
गाळ्यावरच्या आडत्यानं नुसती भुवई उचलली,
मी गोणीमागे दोन किलो गिळले.
चाळीस गोणी.
माल ओतूरच्या कुणा लेंड्याचा, तो चहाला गेलेला.
हणमंत पाठीवर ओझं घेऊन उभा होता,
वाकलेला,
त्यामुळे आकडा अगदी त्याच्या डोळ्यांसमोर.
काही बोलला नाही.
गोणी उतरवली, हात झटकले,
पुढची आणायला गेला.

अशा माणसाला पत्रिका द्यायची
ती कोणत्या हातानं?

परवा त्याच्या मालनचं ऑपरेशन होतं,
वाशीला, महापालिकेच्या रुग्णालयात.
रात्री डबा घेऊन गेलो.
बाकावर एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला मी,
मधे त्या चाळीस गोणी.

वचनं पाठ होती मला.
राहुरीच्या संडेस्कूलात त्यासाठी
बक्षीस म्हणून कंगवा मिळाला होता.
त्या घडीला एक आठवेल तर शपथ.
तोंडातून निघालं ते भलतंच:
हणमंतराव, ते लेंड्याचे ऐंशी किलो.

“म्या बघितलं व्हतं,” तो म्हणाला,
पंख्याकडे बघत.

पैसे पाठवले मी, म्हटलं. पण दोन वर्षांनी.
आणि तेवढेच.
आमच्या शास्त्रात एक जक्कय आहे, जकातीवरचा,
लोकांना लुबाडायचा.
त्यानं चौपट परत केले.

“चौपट?”
हणमंतनं मनातल्या मनात भाव लावला.
“म्हंजी तीनशे वीस किलोचं.
मग? तुमच्या देवानं काय केलं त्याला?”

काही नाही. तो झाडावर चढून बसला होता.
त्याला म्हणाला, खाली ये लवकर,
आज तुझ्याच घरी उतरायचंय मला.

“हे चौपट दिल्यावर?”

नाही, म्हटलं. आधी.

आतून नर्सनं कोणाचं तरी नाव पुकारलं.
मालनचं नव्हतं.
“आधी,” हणमंत स्वतःशीच म्हणाला,
वजन पक्कं करताना मी आकडा
दुसऱ्यांदा म्हणतो तसा.
मग त्यानं डबा पुढे ओढला.

चटणी घ्यायला कागद नव्हता.
खिशात हात घातला, पत्रिका निघाली,
तिच्यावरच सुकटीची चटणी ठेवली.
भाकरी अर्धी त्यानं मोडली, अर्धी मला दिली,
डबा माझाच असून.

खाऊन झाल्यावर कागद फेकला नाही.
ट्यूबलाइटसमोर धरला.
तेलानं आरपार दिसत होता.
एकेक अक्षर जुळवत
तो ओठांनी वाचू लागला
आणि मधेच अडला.

“हिवाळे, ह्याच्या फुडचं तेलात गेलंय की.
दुसरा हाय का?”

तेवीस होते.