तिसऱ्या गाण्याच्या शेवटी

तिसऱ्या गाण्याच्या शेवटी नीट ऐका.
गिटार विझल्यावर चार सेकंद
एक घरघर उरते.
तो माझा कॉम्प्रेसर.

मालवण बंदरावर, बर्फाच्या कारखान्यात,
पापलेटच्या रिकाम्या पेट्यांमागे
पोरं रात्ररात्र वाजवायची.
ड्रमवर रुझार, कानाला मफलर.
आणि तातू मयेकर,
आईची लिपस्टिक, बहिणीचं काजळ,
दशावतारी मामाच्या ट्रंकेतली बेगड गालावर थापून
माईकमध्ये ओरडायचा
तेव्हा तोंडातून वाफ निघायची.
उंच टाचांच्या बुटांखाली गोणपाट लागायचं,
एकदा विसरला
तर थेट सुरमयांच्या ढिगात.

"मशीन जरा बंद कर मा रे."
मी म्हटलं, ट्रॉलर पहाटे चारला लागतात,
बर्फ काय तुझो बापूस देतलो?

मग ऐंशी हजार कॅसेटी खपल्या.
कणकवलीच्या स्टँडवर संपल्या, नाशकात संपल्या.
कंपनीने सोनेरी तबकडी दिली,
ती तातूच्या आईने देवघराशेजारी टांगली
आणि लिपस्टिकचे पैसे मागितले.

मला एक कॅसेट फुकट.
कव्हरवर आभारांच्या बारीक अक्षरांत
टिकल्यांवाला आहे, चहावाला आहे,
श्री देव रामेश्वर आहे.

गेल्या मे महिन्यात कॉम्प्रेसर भंगारात गेला.
नवा आवाजच करत नाही,
चालू आहे की बंद, हात लावून बघावं लागतं.
कुणाच्या तरी होडीत ते गाणं अजून लागतं
आणि मी भाव करणाऱ्या बाईला
हाताने थांबवतो:
गप. आता येईल.